ब्रँड बदलून खाज जात नाही, बाटलीमागचं नाव शोधा

संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत लग्नसराईसाठी चेहऱ्याची काळजी असं पानभर आलं होतं. पान छान होतं, फोटो पण छान होते, पण त्यातल्या दोन वाक्यांनी मला रात्रभर झोप लागली नाही म्हणून हे पत्र. एक वाक्य असं की पार्लरमधली केमिकल टाळा, घरातलं नैसर्गिक वापरा, त्याचा काही साइड इफेक्ट नसतो. आणि दुसरं असं की क्रीमनं पुरळ आलं तर ब्रँड बदलून बघा. विश्रामबागला माझं पार्लर आहे, सतरा वर्षं झाली, आणि ही दोन वाक्यं मी रोज कुठल्या ना कुठल्या गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकते. पेपरात छापून आलं की लोकांना ते खरं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय, जागा असेल तर पूर्ण छापा.

आधी माझंच सांगते. चार वर्षांपूर्वी माझ्या बोटांच्या बेचक्यात बारीक बारीक पाण्याचे फोड यायला लागले, रात्री खाज एवढी की उठून गार पाण्याखाली हात धरून उभी राहायची. मग कातडी जाड झाली, सांध्यावर भेगा पडल्या, लिंबू पिळायचं म्हटलं तरी डोळ्यात पाणी यायचं. सासूबाई म्हणाल्या पाण्यातलं काम आहे, चिखल्या झाल्यात. मला पण तेच वाटलं. पार्लरमधला शाम्पू बदलला, मग परत बदलला, मग महागातला आणला. मेडिकलमधनं एक ट्यूब आणली, ती लावली की चार दिवसात हात लोण्यासारखे व्हायचे आणि बंद केली की पाचव्या दिवशी परत तेच. असं दीड वर्ष काढलं. एका बाईचं फेशियल करताना तिनं माझे हात बघितले आणि म्हणाली, ताई राहू दे आज. त्या दिवशी मी मिरजेला स्किनच्या डॉक्टरांकडं गेले.

डॉक्टरांनी पहिल्यांदा ती ट्यूब बघितली. त्यात स्टेरॉइड होतं, बुरशीचं औषध होतं आणि निओमायसिन नावाचं अँटिबायोटिक पण होतं, आणि ते निओमायसिन स्वतःच अ‍ॅलर्जी करणाऱ्यांच्या यादीत वरच्या नंबरात असतं. म्हणजे ज्यानं बरं वाटायचं त्याच्यातच आणखी एक घोटाळा असू शकत होता. मग त्यांनी पॅच टेस्ट सांगितली. आपल्याकडं खूप जणांना ही टेस्ट असते हेच माहीत नाही म्हणून सांगते, यात सुई नाही, रक्त नाही. पाठीवर वरच्या बाजूला छोट्या छोट्या गोल वाट्यांच्या पट्ट्या चिकटवतात, प्रत्येक वाटीत एक एक पदार्थ थोडासा घातलेला असतो, आणि बाजूला पेनानं खुणा करतात. माझ्या सोमवारी चिकटवल्या, बुधवारी काढल्या आणि शुक्रवारी परत बघितल्या, कारण काही अ‍ॅलर्जी उशिरा उमटते. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही, म्हणून मला थंडीच्या दिवसातली तारीख दिली होती. भारतातल्या लोकांसाठी यातल्या पदार्थांची वेगळी यादी आहे, इंडियन स्टँडर्ड सीरीज म्हणतात, त्यात आपल्याकडचं गाजर गवत सुद्धा असतं. आणि ही काही नवी फॅशनेबल टेस्ट नाही, याडासोन नावाच्या डॉक्टरांनी १८९५ साली पहिल्यांदा ती मांडली होती.

माझ्या पाठीवर दोन ठिकाणी लाल उठलं. एक पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायमीन, केसांच्या काळ्या डायमध्ये असतं ते. आणि दुसरं एक लांबलचक नाव, मिथाइलआयसोथायाझोलिनोन, बाटलीतला माल खराब होऊ नये म्हणून घालतात ते. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं आणि म्हणाले घरी जा आणि हे नाव कुठं कुठं आहे ते शोधा.

त्या रात्री मी आणि मिस्टरांनी घरातल्या आणि पार्लरमधल्या सगळ्या बाटल्या हॉलमध्ये फरशीवर मांडल्या. बाटलीमागची अक्षरं एवढी बारीक की चष्मा लावून पण दिसेनात, मग मोबाईलनं फोटो काढून तो मोठा करून करून वाचलं. पहिल्या शाम्पूत ते नाव होतं. बदलून आणलेल्या दुसऱ्या शाम्पूत होतं. तिसऱ्या, महागातल्या शाम्पूत पण होतं. हँडवॉशमध्ये होतं. भांडी घासायच्या लिक्विडमध्ये होतं. मी दीड वर्ष ब्रँड बदलत होते आणि ते एकच नाव प्रत्येक बाटलीतनं माझ्या मागं मागं येत होतं. संपादक साहेब, मला एवढंच सांगायचंय, अ‍ॅलर्जी ब्रँडची नसते, त्यातल्या एखाद्या घटकाची असते, आणि तो घटक सापडल्याशिवाय तुम्ही दहा हजाराची क्रीम घ्या नाहीतर दहा रुपयाची, काही फरक पडत नाही.

आता हे होतं कसं. आपल्याकडं जुन्या बायकांना हे व्यवस्थित माहीत होतं, फक्त त्यांचा शब्द वेगळा होता. बिब्बा उतला म्हणायच्या. बिब्ब्याचं तेल कुणाच्या अंगाला लागलं की दोन दिवसांनी फोड येतात, अंग सुजतं, आणि त्याच घरातल्या दुसऱ्याला काहीच होत नाही. आजी म्हणायची, त्याला बिब्बा उततो, त्याच्यापासून लांब ठेवा. कॉन्टॅक्ट अ‍ॅलर्जी म्हणजे अगदी हेच. बिब्ब्याला एकट्याला उतायचा मक्ता नाही एवढंच, कुणाला डाय उततो, कुणाला सेंट उततो, कुणाला टिकलीचा गोंद उततो. (बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले, म्हणून कैरीच्या चिकानं ओठाला फोड येणारी पोरं असतात ना, ते पण त्यातलंच.)

आणि ही लगेच येणारी अ‍ॅलर्जी नाही, इथं सगळे फसतात. शेंगदाणा खाल्ला आणि अर्ध्या तासात अंगावर पित्त उठलं ती वेगळी. ही उशिराची. पहिल्या वेळी शरीर तो पदार्थ ओळखून ठेवतं, त्याला कमीत कमी दहा-पंधरा दिवस लागतात, कधी कधी वर्षानुवर्षं लागतात, तोपर्यंत वर कातडीवर काहीच दिसत नाही. एकदा रक्तातल्या पेशींनी त्याला शत्रू म्हणून लक्षात ठेवलं की मग पुढच्या प्रत्येक वेळी एक ते तीन दिवसात पुरळ. म्हणून मंगळवारी लावलेल्या क्रीमचं पुरळ गुरुवारी येतं आणि बाई बुधवारी खाल्लेल्या वांग्याला दोष देते! मला रोज विचारतात, ताई हीच क्रीम मी दहा वर्षं लावतेय मग आत्ताच कशी अ‍ॅलर्जी येईल. येते हो, दहा वर्षं लावली म्हणूनच येते. आणि एकदा आली की शक्यतो जन्मभर राहते.

एक फरक मात्र समजून घ्या. ब्लीच लावल्यावर पाच मिनिटात चुरचुरलं, लाल झालं, धुतल्यावर तासाभरात गेलं, ती बहुतेक वेळा अ‍ॅलर्जी नसते, ती नुसती कातडी पोळलेली असते, अमोनिया आणि पेरॉक्साइड जास्त वेळ ठेवलं तर कुणालाही होईल. अ‍ॅलर्जीत आग कमी आणि खाज जास्त, आणि ती लावलेल्या जागेच्या थोडी बाहेर पण पसरते. अगदी थोडासा पदार्थ लागला तरी पुरतो.

आता नैसर्गिकाबद्दल. सांगलीत राहून हळदीबद्दल असं लिहायला मला जड जातंय, आमच्या गावच्या हळदीला २०१८ साली जीआय टॅग मिळालाय, हरिपूरच्या पेवांची, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांची, गोष्ट तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, आणि माझं माहेरच हळदीच्या व्यापारातलं. तरी पण सांगते, हळद सुद्धा काही जणांना उतते. हळदीतल्या पिवळ्या रंगाचीच, करक्युमिनची अ‍ॅलर्जी असू शकते, आणि हळदी समारंभानंतर चेहऱ्यावर पुरळ आल्याच्या आणि मागं डाग राहिल्याच्या केसेस आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी नोंदवल्यात. हळद वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, शंभरातल्या बहुतेकींना काही होत नाही. पण ज्या मुलीनं आयुष्यात चेहऱ्याला हळद लावली नाही तिला लग्नाच्या आधी दहा दिवस रोज दुधातनं हळद लावायला सांगायची, ही जोखीम आहे एवढं तरी लिहा. आणि लिंबाचं तर मी हात जोडून सांगते. लिंबू चेहऱ्याला लावून उन्हात गेलं की भाजल्यासारखे काळे चट्टे उठतात, ती अ‍ॅलर्जी नव्हे, लिंबाच्या सालीतला पदार्थ आणि ऊन यांचं ते काम आहे, पण जो डाग पडतो तो महिनोन्‌महिने जात नाही. लसूण वाटून पिंपलवर लावणाऱ्या मुली येतात माझ्याकडं, कातडी पोळून.

टी ट्री ऑइल, लव्हेंडर ऑइल हे सगळं आता घरोघरी आहे. बाटलीवर शंभर टक्के प्युअर लिहिलेलं असतं आणि ते खरंही असेल, पण अ‍ॅलर्जीला प्युअरशी काही देणंघेणं नाही. उलट या तेलांमधले लिमोनिन, लिनालूल असे जे वासाचे घटक आहेत ते हवा लागून लागून खराब होतात आणि तसे झाले की जास्त उततात. म्हणून वर्षभर अर्धी उघडी राहिलेली बाटली चेहऱ्याला लावू नका, टाकून द्या, जीव होत नसेल तर फरशी पुसायच्या पाण्यात घाला, पण हातात ग्लोव्ह्ज घालून.

वास म्हटलं की सगळ्यात मोठा गुन्हेगार हाच. क्रीम-पावडर-लोशनच्या अ‍ॅलर्जीत सुगंध आणि टिकवणारे पदार्थ या दोघांचा वाटा सगळ्यात मोठा. आता सुगंध म्हणजे एक पदार्थ नव्हे, एका सेंटमध्ये डझनावारी असतात, दालचिनीच्या वासाचा सिनॅमल, लवंगेतला युजेनॉल, गुलाबाच्या वासाचा जिरॅनिऑल. पण आपल्याकडं डबीवर बघाल तर सगळ्यांना मिळून एकच शब्द लिहिलेला सापडतो, परफ्यूम. युरोपात २००५ पासून वासातले २६ घटक नावानिशी लिहावे लागतात आणि २०२३ साली नवा नियम करून ती यादी ८० च्या वर नेलीय. आपल्या बाईला जिरॅनिऑलची अ‍ॅलर्जी आहे असं टेस्टमध्ये कळलं तरी ती सांगलीतल्या दुकानात उभं राहून शोधणार कशी, सांगा. तिला एकच मार्ग, वास असलेलं काहीच घ्यायचं नाही. त्यात पण अनसेंटेड लिहिलेलं घेऊन चालत नाही, कारण त्यात कधी कधी मूळचा घाण वास मारायला दुसरा वास घातलेला असतो. फ्रेग्रन्स-फ्री लिहिलंय का बघा, आणि तरी मागची यादी वाचा. हायपोअ‍ॅलर्जेनिक, डर्मटॉलॉजिकली टेस्टेड हे शब्द वाचून निर्धास्त होऊ नका, त्यांनी कसलीच हमी मिळत नाही.

टिकवणाऱ्या पदार्थांचं आणखी एक. गिऱ्हाइकं हल्ली पॅराबेन-फ्री मागतात, पॅराबेन म्हणजे काहीतरी विष अशी समजूत झालीय. अ‍ॅलर्जीपुरतं बोलायचं तर पॅराबेन हा सगळ्यात कमी त्रास देणाऱ्यांपैकी आहे. अमेरिकेतली कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या, म्हणजे काहीतरी लागून येणाऱ्या पुरळाच्या, डॉक्टरांची संस्था दर वर्षी एका पदार्थाला अ‍ॅलर्जन ऑफ द इयर जाहीर करते, म्हणजे याच्यापासून सावध राहा असं, तिनं २०१९ साली मुद्दाम उलटं करून पॅराबेनला नॉन-अ‍ॅलर्जन जाहीर केलं. आणि २०१३ साली कुणाला अ‍ॅलर्जन जाहीर केलं होतं तर माझ्या त्या लांबलचक नावाला, मिथाइलआयसोथायाझोलिनोनला. युरोपात अंगावर तशाच राहणाऱ्या क्रीममध्ये २०१७ पासून त्याला बंदी आहे, धुऊन टाकायच्या वस्तूंमध्ये पण अगदी नखभर प्रमाण चालतं. पॅराबेन काढला की त्याच्या जागी काहीतरी घालावंच लागतं नाहीतर क्रीमला बुरशी येईल, आणि ते काहीतरी कधी कधी हेच असतं. तसंच डीएमडीएम हायडँटोइन, इमिडाझोलिडिनाइल युरिया, क्वाटर्नियम-१५ ही नावं, यातनं हळूहळू फॉर्मलडिहाइड सुटतं, ते पण जुनं उतणारं. आणि ते माझं लांबलचक नाव भिंतीच्या पाण्यातल्या रंगात (ऑइल पेंट नव्हे) सुद्धा असतं, दिवाळीच्या आधी घराला रंग दिला आणि चेहरा, पापण्या सुजल्या अशी कुणी असेल तर फेसवॉश बदलू नका, आधी खिडक्या उघडा आणि डॉक्टरांना रंगाचं सांगा.

लॅनोलिन हे मेंढीच्या लोकरीतलं मेण, लिपबाम आणि बाळाच्या क्रीममध्ये असतं, प्रॉपिलीन ग्लायकॉल, फेस करणाऱ्या फेसवॉशमधलं कोकामिडोप्रोपिल बिटेन, सनस्क्रीनमधलं ऑक्सिबेन्झोन, ही पण नावं डॉक्टरांच्या यादीत असतात, प्रत्येकावर लिहीत बसले तर तुमचं पान पुरणार नाही.

पण डायवर लिहिल्याशिवाय राहवत नाही. काळा डाय, कुठल्याही नावाचा, पावडर असो की क्रीम असो, बहुतेकांत पीपीडी असतं. हर्बल लिहिलेल्यात पण असतं. अ‍ॅलर्जी आली की गंमत अशी नाही की डोकंच खाजेल, डोक्याची कातडी जाड, ती निभावून नेते, आणि कान, मान, कपाळाची कड, डोळ्याच्या पापण्या सुजतात. मागच्या वर्षी एक काका आले, नातीच्या बारशाला डाय लावलेला, तिसऱ्या दिवशी डोळे उघडत नव्हते, त्यांना वाटलं होतं मधमाशी चावली. मी हात लावला नाही, सरळ सिव्हिलला पाठवलं. आणि डाय नवऱ्याचा आणि पुरळ बायकोच्या गालाला असं पण होतं, एका उशीवर झोपतात म्हणून.

काळी मेंदी तर बंदच केली पाहिजे. आपली खरी मेंदी केशरी-तांबडी रंगते आणि रात्रभर ठेवावी लागते. जो कोन अर्ध्या तासात हात काळाकुट्ट करतो त्यात मेंदी नावाला असते, पीपीडी असतं, आणि ते पण किती घातलंय याला काही मोजमाप नाही. जत्रेत आठ-नऊ वर्षांच्या पोरीच्या हातावर ते काढतात, नक्षीच्या आकाराचे फोड येतात, ते बरे होतात पण शरीर विसरत नाही. तीच पोरगी चाळीशीत पहिल्यांदा डाय लावेल तेव्हा तिला ते भोगावं लागेल, आणि तिला जत्रा आठवणार पण नाही. अन्न व औषध प्रशासनानं जत्रांमधले हे कोन उचलून तपासावेत अशी माझी या पत्रातनं विनंती आहे.

पुरळ कुठं आलंय याच्यावरनं पण खूप कळतं, हे मी डॉक्टरांकडनं आणि गिऱ्हाइकांकडनं शिकले. कपाळाच्या बरोबर मधे गोल खाज असेल तर टिकलीचा गोंद. त्यात पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल नावाचा पदार्थ असतो, त्यानं नुसतं पुरळ नाही, कातडीचा रंगच जातो, पांढरा ठिपका पडतो आणि तो परत भरेलच असं नाही. माझ्याकडं एक शिक्षिका यायच्या, त्यांच्या कपाळावर असा ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता आणि तो झाकायला त्या रोज त्याच्यावरच मोठी टिकली लावायच्या. मी सांगितलं तेव्हा त्यांनी आरशासमोर टिकली काढली आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. भांगात असेल तर सिंदूर, कुंकवातला रंग. आणि फक्त पापण्यांवर असेल तर बायका काजळ बदलतात, आयलायनर बदलतात, पण पापणीची कातडी अंगात सगळ्यात पातळ, बोटानं डोळा चोळला तरी नखावरच्या नेलपॉलिशमधलं रेझिन तिथं पोचतं. बोटाला काही नाही आणि पापणी सुजलेली. नेलपॉलिश महिनाभर बंद करायला सांगितल्यावर बऱ्या झालेल्या तीन जणी मी स्वतः बघितल्यात.

आता मुख्य तक्रार. मागं छापलेली यादी वाचा असं मी एवढं लिहिलं, पण ती असते का? कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणं डबीवर घटक लिहायलाच पाहिजेत, एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले उतरत्या क्रमानं, मग बाकीचे. पण त्याच नियमात सूट आहे, ६० मिलीपेक्षा लहान पातळ वस्तू आणि ३० ग्रॅमपेक्षा लहान क्रीम, यांच्यावर यादी नाही लिहिली तरी चालते. म्हणजे सॅशे. म्हणजे दहा रुपयाची ट्यूब. आता सांगा, तासगाव-जतच्या खेड्यात, किराणा दुकानात दोरीला लटकलेलं काय असतं? सॅशेच असतो. शेतात मजुरीला जाणारी बाई अर्धा लिटरची बाटली घेत नाही. महागाची बाटली घेणाऱ्या विश्रामबागच्या बाईला यादी मिळते आणि जिला दवाखान्याला जायला दिवसाचा रोज बुडवावा लागतो तिलाच कशाची अ‍ॅलर्जी आली हे शोधायची सोय नाही. हे मला पटत नाही, अजिबात पटत नाही.

आणि करायचं म्हटलं तर जमतं, याचा पुरावा डायच्याच खोक्यात आहे. पीपीडी असलेल्या डायच्या पाकिटावर धोक्याची सूचना इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत छापायची सक्ती आहे, कानामागं किंवा कोपर ते मनगट यांच्यामधे हाताच्या आतल्या बाजूला थोडा लावून २४ तास थांबून बघा, भुवयांना लावू नका, दृष्टी जाऊ शकते, असं सगळं. (मी माझ्या गिऱ्हाइकांना २४ नाही, दोन दिवस थांबवते, कारण वर लिहिलंय तसं ही अ‍ॅलर्जी उशिरा उमटते.) डायला मराठी चालते तर क्रीमला का नाही? सॅशेवर जागा नाही म्हणतील तर दुकानात टांगायच्या माळेच्या वरच्या पुठ्ठ्यावर छापा. नाहीतर छोटा क्यूआर कोड द्या, आता भाजीवाल्याच्या गाड्यावर पण क्यूआर कोड आहे.

तोपर्यंत लोकांनी काय करायचं ते सांगते, हे मी माझ्या पार्लरमध्ये पाळते. नवीन काहीही चेहऱ्याला लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लावायचं, एक दिवस नाही, आठवडाभर. ही चाचणी चेहऱ्यावर तशीच राहणाऱ्या क्रीमसाठी, फेसवॉश आणि शाम्पू असे लावून ठेवायचे नाहीत, त्यानं कुणाचीही कातडी चुरचुरेल. पुरळ आलेलं असेल तर सगळं बंद, साधी पेट्रोलियम जेली तेवढी चालते, ती शक्यतो कुणाला उतत नाही. आणि डबी फेकू नका. खोकं पण फेकू नका, यादी कधी कधी खोक्यावरच असते आणि ट्यूबवर नसते. डॉक्टरांकडं जाताना पिशवीत सगळं भरून न्या, टिकलीचं पाकीट, नेलपॉलिश, नवऱ्याचा डाय पण. मेडिकलवाल्याकडनं नुसतं खाजेची ट्यूब द्या म्हणून घेऊ नका, चेहऱ्याला तर मुळीच नाही. ओठ, डोळे सुजले, श्वासाला त्रास झाला तर थांबायचं नाही, लगेच दवाखाना.

माझे हात आता बरे आहेत. डाय मी स्वतः लावत नाही, हाताखालच्या मुलीला नायट्राइलचे ग्लोव्ह्ज देते आणि ते पण प्रत्येक गिऱ्हाइकाला नवीन, कारण घरगुती पातळ रबरातनं पीपीडी आत येतं. भांड्याचं लिक्विड बंद करून वडी आणली, ती पण मागचं वाचून. पार्लरच्या आरशाला मी एक कागद चिकटवलाय, त्यावर या पत्रातली सगळी नावं मराठीत आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहिलीत, बायका मोबाईलमध्ये फोटो काढून नेतात आणि दुकानात उभं राहून जुळवून बघतात. पुढच्या लग्नसराईच्या पानावर तो कागद तुम्ही चौकटीत छापणार असाल तर मी पाठवून देते.

आपली नेहमीची वाचक,
एक पार्लर चालवणारी,
विश्रामबाग, सांगली
(कृपया नाव छापू नये)